खांबावरची चिमणी

मृगाचे चार थेंब पडले आणि लाइन गेली नाही, असं आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कधी घडलं असेल, तर ते मला आठवत नाही. मातीचा वास नाकाशी येतो, कढईत भज्यांचं तेल तापतं, नातवंडं अंगणात धावतात आणि डोक्यावरचा पंखा मंद मंद होत थांबतो. मग घरोघर एकच संवाद होतो. ‘गेली?’ ‘गेली.’ त्यानंतर वीज मंडळाचा जो उद्धार होतो, तो आमच्याकडे पावसाइतकाच जुना आहे. खरं तर १९६० साली स्थापन झालेलं हे मंडळ २००५ साली संपलं. त्याच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या आणि घरी वीज पोचवण्याचं काम महावितरणकडे आलं. पण शिव्या देताना माणूस जुनंच नाव घेतो. आमच्या तोंडी अजून ‘एमएसईबी’च आहे.

पाऊस धड सुरूही झालेला नसतो, वारं नाही, झाड पडलेलं नाही, मग लाइन जाते कशी? हा प्रश्न सगळ्यांना पडतो. महावितरणचे लोक दर पावसाळ्याच्या तोंडी त्याचं उत्तर वर्तमानपत्रांतून देतात. आपण ते वाचत नाही, इतकंच. उत्तर असं, की खांबावर तारा ज्यांच्या आधारानं बसवलेल्या असतात ते इन्सुलेटर चिनी मातीचे असतात. उन्हाळाभर ते तापतात. पहिल्या पावसाचे गार थेंब पडले की त्यांना तडा जातो, तारेतली वीज खांबातून जमिनीत उतरू लागते आणि उपकेंद्रातली यंत्रणा त्या वाहिनीचा पुरवठा आपोआप तोडते. ज्याला आपण ‘लाइन घालवली’ म्हणतो, ते पुष्कळदा ‘जीव वाचवला’ असं असतं.

या इन्सुलेटरला आमच्याकडे कुणी ‘कप’ म्हणतं, तर कुणी ‘चिमणी’. मला ‘चिमणी’च जवळचं. लहानपणी लांबून पाहिलं की लोखंडी आडव्या पट्टीवर तीन तपकिरी पाखरं अंग फुगवून बसली आहेत असंच वाटायचं. आज या चिमणीविषयी लिहावंसं वाटतं, त्याला एक कारण घडलं आहे. शिवाय एक जुना हिशेबही मिटवायचा आहे. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला थकलेला हिशेब झोपू देत नाही.

आमचं गाव खामगाव आणि नांदुऱ्याच्या मधलं, घाटाखालचं. काळी जमीन, कापूस, ज्वारी, आणि उत्तरेकडे पूर्णेच्या अंगानं गेलं की खारपाणपट्टा सुरू. जलंबहून खामगावला जाणारा रेल्वेचा फाटा इंग्रजांनी कापसासाठी टाकला, तो आमच्या लहानपणी खेळण्याचं ठिकाण होता. रुळांच्या कडेनं तारायंत्राचे खांब होते आणि त्यांवर पांढरेशुभ्र कप होते. गावातल्या पोरांच्या नेमबाजीची पहिली शाळा ती. जगात इन्सुलेटरचीही पहिली शाळा तीच, हे मला पुष्कळ नंतर कळलं. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आलं, तेव्हा ओल्या लाकडी खांबातून संदेश जमिनीत झिरपून जाऊ लागले. म्हणून तारेच्या आणि खांबाच्या मधे काचेचे, चिनी मातीचे कप बसवण्याची युक्ती निघाली. तारयंत्र आपल्याकडे २०१३ साली बंद झालं. कप मात्र विजेच्या खांबावर चढून बसले ते बसलेच.

गावात वीज आली १९७० साली. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचं औष्णिक केंद्र त्याआधीच सुरू झालेलं होतं, आणि तिथली चिमणी, म्हणजे धुराची खरी चिमणी, शेगावकडून जाताना आगगाडीतून दिसायची. पण पारसचा उजेड आमच्या गावात यायला वेळ लागला. खांब आले ते बैलगाड्यांवरून. माझ्या वडिलांनी मारुतीच्या देवळापुढचा दिवा पहिल्यांदा लागलेला पाहून हात जोडले होते. शेतांमधून गेलेली ती ११ केव्हीची लाइन आमच्या आणि शेजारच्या आबांच्या धुऱ्यावरून जात होती. धुऱ्यावर एक लोखंडी खांब होता आणि त्याला ताण दिलेला होता.

त्या उन्हाळ्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, १९७१ साली, मी बारा वर्षांचा होतो. शाळेला सुट्टी होती. ज्वारीवरची पाखरं हाकायची गोफण माझ्या हाती होती आणि हाकायला पाखरं नव्हती. उरल्या त्या खांबावरच्या तीन चिमण्या. आम्ही चार-पाच पोरं पैज लावून दगड भिरकावत होतो. माझा एक दगड लागला. ‘टंण्’ असा आवाज झाला, टवका उडाला. लाइन गेली नाही. कुणी ओरडायला आलं नाही. आम्ही आंबे पाडायला निघून गेलो.

मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी आबांचा पवळ्या त्या खांबाशी अंग घासायला गेला आणि तिथंच कोसळला. गडी धावला, तर आबांनी त्याला मागून धोतराला धरून ओढला, म्हणून तो वाचला. रात्री लाइन बंद करून वायरमन खांबावर चढला आणि खाली उतरून एकच शब्द बोलला : ‘तडकली.’ कशानं तडकली, हे कुणी विचारलं नाही. मी ओसरीच्या खांबाआड उभा होतो. मी सांगितलं नाही.

पुढचं साल १९७२. त्या सालाबद्दल महाराष्ट्रात कुणाला काही सांगायला नको. एका बैलावर आबांची शेती कशी झाली असती? उरलेला ढवळ्या त्यांनी मातीच्या मोलानं विकला आणि नवराबायको खडी फोडायला गेली. मिलोच्या भाकरी आम्हीही खाल्ल्या. पण त्या ताटावर बसताना माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही, त्याचं कारण मिलोची चव नव्हती.

आता थोडं त्या चिमणीच्या धर्माविषयी. घरातल्या बटणापाशी वीज असते २३० व्होल्टची. धुऱ्यावरून गेलेल्या ११ केव्हीच्या लाइनमधली एकेक तार जमिनीच्या मानानं सुमारे सहा हजार व्होल्टवर असते. त्या तारेला जमिनीत उतरायची भारी घाई असते. तिला उतरू द्यायचं नाही आणि तरी खांबाच्या खांद्यावर धरून ठेवायचं, असं दुहेरी काम या वीतभर वस्तूला रात्रंदिवस करायचं असतं. चिनी माती त्यासाठी निवडली गेली ती उगीच नाही. ती जळत नाही, सडत नाही, उन्हानं विटत नाही. धड राहिली तर माणसाचं आयुष्य पुरून उरते.

पण तिची दुखणीही आहेत. एक म्हणजे ती ठिसूळ. दुसरं असं, की तिच्या पोटात लोखंडी पिन असते आणि दोघांना जोडायला सिमेंट असतं. ऊन लागलं की माती, लोखंड आणि सिमेंट हे तिघं आपापल्या चालीनं फुगतात. एकत्र कुटुंबात तिघा भावांच्या चाली वेगळ्या असल्या की भिंतीला आधी केसाएवढी चीर पडते, तसंच हे. आमच्या घाटाखाली मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. केसाएवढी ती चीर खालून कुणाला दिसत नाही, पावसाला मात्र बरोबर सापडते.

तिसरं दुखणं मळाचं. इन्सुलेटरच्या अंगावर छत्र्या असतात, त्या पाणी निथळावं म्हणून आणि त्याहूनही विजेची वाट लांब व्हावी म्हणून. वीज पृष्ठभागावरून सरपटत खांबाकडे जाते. छत्र्यांमुळे तिला वर-खाली वळसे घ्यावे लागतात. या वाटेचं मापही ठरलेलं आहे. हवा स्वच्छ असेल तिथं एका किलोव्होल्टला १६ मिलिमीटर, जिथं फारच मळकट तिथं ३१. आपली ११ केव्हीची लाइन जास्तीत जास्त १२ केव्ही धरली आणि प्रदूषण बऱ्यापैकी असेल तर २५ मिलिमीटरच्या हिशेबानं ही वाट ३०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक फूट भरते. सहा हजार व्होल्ट आणि तुमचा-आमचा बैल यांच्यात अंतर असतं ते हे, एका फुटाचं.

या फूटभर वाटेवर धूळ बसते, वीटभट्टीचा धूर बसतो, जिनिंगमधून उडालेली सरकीची बारीक कुसं बसतात, खतांची भुकटी बसते. कोरडी असताना ही धूळ निरुपद्रवी. पण तिच्यात क्षार असले आणि वरून दंव किंवा धुकं पडलं, की तिचा चिखल होतो आणि त्या चिखलातून वीज सरकू लागते. चिनी मातीवर पाणी पसरून बसतं, बशीवर सांडलेल्या चहासारखं. मग रात्री शेतातून येताना खांबावर चर्रचर्र असा आवाज येतो, निळसर ठिणग्या दिसतात. लोक म्हणतात, ‘खांब बोलू लागला.’ उत्तर भारतात तो फार मोठ्यांदा बोलला. २ जानेवारी २००१ रोजी दाट धुक्याच्या दिवसांत उत्तरेकडचं अख्खं ग्रिड कोसळलं आणि दिल्लीसकट अनेक राज्यं कित्येक तास अंधारात गेली. त्याच्या कारणांमध्ये धुक्यात भिजलेल्या मळक्या इन्सुलेटरांचं नाव होतं. त्यानंतर तिकडच्या धुक्याच्या पट्ट्यांत जुन्या चिनी मातीच्या जागी एक नवी वस्तू मोठ्या प्रमाणावर चढवण्यात आली. तीच आता गेल्या काही वर्षांत आमच्या धुऱ्यांवरही दिसू लागली आहे. इंजिनिअर तिला कॉम्पोझिट इन्सुलेटर म्हणतात, वायरमन सरळ ‘पॉलिमर’ म्हणतात.

गेल्या जूनमध्ये गावी गेलो होतो. आमच्या भागाचे एक निवृत्त वायरमन आहेत. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या ओसरीवर खिळ्याला तसली एक वस्तू टांगलेली दिसली. काम संपल्यावर उरलेली, टोक वाकलेली, टाकून दिलेली. हातात घेतली तर करड्या रंगाची, रबरी, चकत्या-चकत्यांची. आणि हलकी! चिनी मातीची हाती घेतली की मनगट खाली जायचं.

‘मामा, हे खेळणं सहा हजार व्होल्ट अडवतं?’

‘खेळणं म्हणू नका भाऊ,’ मामा म्हणाले. ‘पह्यले आम्ही दोन चिमण्या खांद्यावर टाकून खांबावर चढू तर कंबर मोडे. आता पोट्टे पिशवीत सहा नेतात.’ मग त्यांनी तांब्यातलं पाणी हातावर घेऊन त्या चकतीवर शिंपडलं. पाणी पसरलं नाही. थेंब थेंब होऊन गरंगळत खाली गेलं. ‘अळूचं पान पाह्यलं ना? तसं.’

मी बँकेतला माणूस. खतावणी दिसली की आतलं पान उलटून पाहायची सवय. घरी येऊन या वस्तूविषयी मिळेल ते वाचलं. तिच्या पोटात बोटाएवढी जाड एक दांडी असते, काचेचे लक्षावधी तंतू राळेत घट्ट बसवून केलेली. ओझं पेलायचं ते या दांडीनं. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या दाबून बसवतात. आणि वरून सगळ्या अंगाला सिलिकॉन रबराचा अंगरखा. छत्र्या त्याच रबराच्या. ताकद एकाची, जलरोधकता दुसऱ्याची, म्हणून ते संमिश्र. १९६०च्या दशकात जर्मनीत, अमेरिकेत याचे प्रयोग सुरू झाले. पहिल्या पिढीतल्या पुष्कळांची कातडी उन्हानं फाटली, काहींच्या दांडीत पाणी शिरलं. शेवटी सिलिकॉन टिकलं.

या सिलिकॉनची गोष्ट मोठी गमतीची आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला फ्रेडरिक किपिंग नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. वाळूत असतं ते सिलिकॉन मूलद्रव्य घेऊन त्यांनी आयुष्यातली कित्येक दशकं घालवली. हाती यायचे ते चिकट, गोंदासारखे पदार्थ. १९३०च्या दशकात, निवृत्तीच्या सुमारास, त्यांनी सांगून टाकलं की या क्षेत्रातून लवकर काही मोठं निष्पन्न होईल अशी आशा दिसत नाही. तेच चिकट पदार्थ आज आपल्या धुऱ्यावर पावसाला अडवून उभे आहेत. ज्यांच्या कर्जाच्या अर्जावर मी ‘निष्पन्न होण्याची शक्यता कमी’ असा शेरा मारला, त्यांतल्या किती जणांनी पुढे मला खोटं पाडलं, ते आठवून मी तो मजकूर दोनदा वाचला.

आणखी एक गुण मला फार आवडला. या रबरावरही धूळ बसते. अंगरखा कुणाचाही मळतोच. पण रबराच्या पोटातून अगदी सूक्ष्म असे तेलकट रेणू हळूहळू बाहेर येतात आणि त्या धुळीच्या थरातही शिरतात. मग ती धूळदेखील पाण्याला जवळ करत नाही! जोराचा पाऊस, सततच्या ठिणग्या यांनी हा गुण काही काळ कमी झाला, तरी विश्रांती मिळाली की तो बऱ्याच अंशी परत येतो. सहवासानं धूळसुद्धा सुधारते, हे किर्तनकार सांगत, ते खरं निघालेलं पाहून मी चकित झालो.

शिवाय गोफणीचा दगड. चिनी मातीच्या चिमणीवर तो बसला की टवका ठरलेला. रबराच्या चकतीवर बसला तर ती वाकते आणि पुन्हा सरळ होते. मामांना मी हे विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले, ‘त्याले काय होत नाही. पण आता दगड मारतेच कोन? सगळे मोबाइलात.’

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की आता प्रश्न सुटला. सगळ्या चिमण्या उतरवा आणि सगळीकडे रबर चढवा. मीही उत्साहानं तसं म्हणालो. मामांनी पान जुळवता जुळवता मान हलवली. ‘भाऊ, चिनी मातीची खोड दिसते तरी. फुटली की अर्धी खाली पडते, नाही तर रात्री ठिणगी मारते. हे पॉलिमर मुक्यानं मरते.’

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. रबराच्या अंगरख्याला कुठं भोक पडलं किंवा टोपीच्या सांध्यातून ओल आत शिरली, तर आतल्या काचतंतूंवर आम्लाचा परिणाम होतो आणि एखाद्या दिवशी, वारा नसताना, ओझं नेहमीचंच असताना, ती दांडी कट्कन तुटते. पक्षी आणि कुरतडणारे प्राणी रबराला तोंड लावतात. ऑस्ट्रेलियात काकाकुवा जातीच्या पोपटांनी ते कुरतडल्याच्या हकिकती आहेत. उन्हानं काहींच्या अंगावर खडूसारखी पांढरी भुकटी सुटते. चिनी माती शतकभर वापरून तिचे गुणदोष आपल्याला पाठ झाले आहेत. या नव्या सुनेचा स्वभाव कळायला अजून काही पावसाळे जायचे आहेत.

आणि मुख्य प्रश्न मालाच्या खरेपणाचा. सिलिकॉन रबर महाग. त्यात भरताड जास्त घातलं की वस्तू स्वस्त होते आणि दिसायला तशीच दिसते. करडा रंग सगळ्यांचा सारखाच. खरा माल पारखायला कसोट्या आहेत. मिठाच्या धुक्यात, विजेच्या दाबाखाली एक हजार तास ठेवून त्याची कातडी जळते की टिकते ते पाहतात. बंगळुरूला केंद्रीय विद्युत संशोधन संस्था आहे, तिथं विजेच्या अशा साहित्याच्या चाचण्या होतात. पण कसोटीला जातो तो नमुना. खांबावर चढतो तो ट्रकमधला माल. हे दोघं सख्खे भाऊ आहेत की नुसते आडनावबंधू, हे पाहायला कुणीतरी हवं.

हे मी का म्हणतो? बँकेत असताना दुभत्या जनावरांची कर्जं दिली आहेत. पाच म्हशी, पाच कर्जं, पाचही कागद चोख. तपासणीला गेलो तर पाचही गोठ्यांत तीच ती एक म्हैस, फक्त मधल्या वाटेनं आमच्या आधी पोचलेली. तिनं माझ्याकडे ओळखीनं पाहिलं तेव्हा मला कळलं. तेव्हापासून प्रमाणपत्र हाती आलं की मी आधी म्हैस पाहतो. इन्सुलेटर विकत घेणाऱ्यांनीही ती पाहावी. आलेल्या मालातले चार नग कुठलेही उचलावेत, कापावेत, जाळून पाहावेत आणि मगच बिलावर सही करावी.

ही वस्तू काही शे रुपयांची. तिची खरी किंमत मात्र बिलात नसते. १९८०च्या दशकाच्या अखेरीला मी जिल्ह्यातल्या एका शाखेत शेतीचं काम पाहत होतो. एका शेतकऱ्याला पाच अश्वशक्तीची मोटर आणि पाइपलाइन यांसाठी कर्ज दिलं होतं. माणूस कष्टाळू, हप्ता कधी चुकवला नाही. एका हिवाळ्यात गहू पोटरीत असताना त्याच्या भागाची लाइन सहा दिवस बंद पडली. कारण होतं एक चीर गेलेली चिमणी. पण कुठल्या खांबावरची? वायरमन दोन, खांब शे-दीडशे. लाइनीचे तुकडे पाडून एकेक तपासायचा, मग त्या तुकड्यातल्या खांबांवर चढायचं, तेही दिवसा नीट दिसणाऱ्या वस्तूतली न दिसणारी चीर शोधायला. सहाव्या दिवशी ती सापडली. तोवर विहिरीत पाणी, शेतात भेगा आणि गहू करपलेला. त्या वर्षी त्याचं खातं थकलं. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘इन्सुलेटर फुटल्याने पीक बुडाले.’ वरिष्ठांनी ते खोडून ‘कर्जदाराची परतफेडीची क्षमता कमी’ असं लिहायला लावलं. म्हणाले, ‘अहो, त्या रकान्यात असली कारणं बसत नाहीत.’ खरंच बसत नव्हती, रकाना लहान होता. पण त्या माणसानं पुढची तीन वर्षं डोकं खाली घालून माझ्यासमोर हप्ते भरले, जणू चिमणी त्यानं फोडली होती.

आता सौर कृषी वाहिन्यांचं युग येत आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभे राहत आहेत. ते चांगलंच आहे. रात्री-अपरात्री विंचवाकाट्यातून पाणी द्यायला जाणं काय असतं, ते शेतकऱ्याच्या बायकोला विचारा. पण सूर्याची वीजसुद्धा शेतात पोचायची ती याच खांबांवरून. कोळसा गेला, ऊन आलं, तरी मधली चिमणी चुकत नाही.

आणि तुमच्या-माझ्या हातात काय? फार थोडं, पण जिवावरचं. खांबाला किंवा त्याच्या ताणाला गुरं बांधू नयेत. दोरी बांधून धुणं वाळत घालू नये. पावसात खांब ‘बोलत’ असेल तर त्याच्यापासून लांब राहावं, लेकरांना राखावं, आणि १९१२ या क्रमांकावर कळवावं. जनावर खांबाशी कोसळलं तर धावत जाऊन हात लावू नये. आबांनी गड्याला ओढलं तसं ओढणारा शेजारी प्रत्येकाला असतोच असं नाही. चीर गेलेल्या चिमणीतून उतरणारा प्रवाह कधी कधी इतका थोडा असतो की फ्यूज उडत नाही, पण बैलाला तो पुरतो. त्याचे पुढचे-मागचे पाय लांब असतात आणि वीज मधल्या काळजातून जाते. अशा अपघाताची चौकशी व्हावी असं २००३ च्या विद्युत कायद्यात आहे आणि त्यात माणसाबरोबर जनावराचाही उल्लेख आहे. १९७१ मध्ये हे आबांना सांगणारं कुणी नव्हतं. आज आहे, तर सांगत राहावं.

राहिला माझा हिशेब. आबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा, वर्गातला. त्या जूनमध्ये मामांच्या ओसरीवरून उठलो तो थेट त्याच्या मळ्यात गेलो. धुऱ्यावर खांब आता सिमेंटचा आहे आणि वर करड्या रंगाच्या तीन चकतीदार चिमण्या आहेत. आम्ही बांधावर बसलो आणि मी चोपन्न वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. गोफण, टंण् आवाज, उडालेला टवका, सगळं. ‘पवळ्या माझ्यामुळे गेला असेल,’ म्हणालो.

तो बराच वेळ खांबाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ‘तुझा दगड लागला तो बांधाकडच्या चिमणीले. दुसऱ्या दिवशी मी एकटाच आलो होतो. मधलीले दोन मारले. माह्या नेम तुह्याहून चांगला होता.’ थोडं थांबून म्हणाला, ‘बाबाले मरेपर्यंत सांगू शकलो नाही.’

कुणाच्या दगडानं ती तडकली, की दोघांच्याही नाही, नुसत्या ४५ अंशांच्या उन्हानं, हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण एकाच बैलाचं ओझं दोघं जण इतकी वर्षं वेगवेगळे वाहत होतो, एकाच गावात, एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंना. त्या दिवशी ते आम्ही एकत्र खाली ठेवलं.

उठताना पावसाचे थेंब आले. आम्ही खांबापासून लांबून, वळसा घालून घराकडे निघालो. गावात शिरलो तेव्हा देवळापुढचा दिवा लागलेला होता. तो मालवेल म्हणून आम्ही दोघं थोडा वेळ उभे राहिलो. पाऊस वाढला. दिवा काही गेला नाही.